मातेरं कुणाचं?

‘दळण-कांडण करून पोरं वाढवली’ असं जुन्या माणसांच्या तोंडी हमखास असायचं. नवरा गेलेल्या बाईचा सगळा जन्म त्या चार शब्दांत मावायचा. आजच्या पोरांना ती म्हण वाटते. खरं तर तो धंदा होता. जिला जमीन नाही, माहेर नाही, घरात कर्ता माणूस नाही, अशा बाईनं चार घरची ज्वारी दळायची आणि त्यातून मूठ-पसा धान्य मजुरी म्हणून घ्यायचं. जातं हेच तिचं वतन.

आमच्या गावात पिठाची गिरणी आली ती माझ्या जन्माच्या आधी. ऑइल इंजिनावर चालायची. पहिले काही दिवस लोक नुसते बघायला जायचे, असं आजी सांगायची. गिरणीचं पीठ गरम होतं, भाकरीला चव राहत नाही, अशी कुरकुर म्हाताऱ्या माणसांनी केली. बायांनी ती मनावर घेतली नाही. पहाटे तीनला उठून जात्याला बसायचं, मग पाणी, मग भाकरी, मग रान, हे ज्यांच्या वाट्याला होतं त्यांचा निकाल लगेच लागला होता. जात्यावरच्या ओव्यांचं कौतुक आम्ही पुढं शाळेत वाचलं. जातं परत यावं, असं मात्र आजी कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

पण एक गोष्ट ती न विसरता सांगायची. आमच्या घरामागं एक विधवा बाई राहायची. तीन घरचं दळण तिच्याकडं होतं. गिरणी आल्यावर वर्षाच्या आत तिचं दळण सुटलं. मग ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली, आणि वाकवेना तेव्हा लेकीच्या गावाला निघून गेली. आजी म्हणायची, “गिरणीनं माझे हात मोकळे केले बाबा, अन् तिची चूलबी मोकळी केली.”

यंत्र आणि रोजगार यांचा सगळा वाद मला या एका वाक्यात दिसतो. एकाच यंत्रानं एकीला सुख दिलं आणि दुसरीचा घास काढला. दोन्ही खरं. यातलं एक सांगून दुसरं झाकणारी माणसं दोन्ही बाजूंना आहेत.

यंत्राला बिचकणारा माणूस अडाणी, असं समजायची एक रीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढेल असं शेतकऱ्यांना वाटलं, ही गोष्ट आपण हसत सांगतो. जमिनीला विष चढलं नाही. उलट खोल नांगरट झाली, हरळी-कुंदा निघाला, पीक वाढलं. ती भीती खोटी ठरली. पण नांगराबरोबर आणखी एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल कुणी हसत नाही. लाकडी नांगर, कुळव, पाभर करून देणारा सुतार गावात होता. लोखंडी नांगराचा भाग मोडला की तो कारखान्यातून येऊ लागला. सुताराचं बलुतं एका दिवसात बुडालं नाही. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात जसं हात-हात खाली जातं, तसं ते गेलं.

हे फक्त आपल्याकडंच झालं असंही नाही. १८११-१२ च्या सुमारास इंग्लंडात नॉटिंगहॅम भागातल्या विणकरांनी यंत्रं फोडली. त्यांना यंत्र कळत नव्हतं म्हणावं, तर त्यांचा जन्म मागावर गेलेला. त्यांचं भांडण घटलेल्या मजुरीशी होतं. तिथल्या सरकारनं १८१२ साली कायदाच केला, की यंत्र फोडणाऱ्याला फाशी. त्याच देशातला डेव्हिड रिकार्डो हा मोठा अर्थशास्त्री. यंत्रानं सगळ्यांचंच भलं होतं, असं तो आधी मानायचा. १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यानं यंत्रांवर नवं प्रकरण घातलं आणि मत बदलल्याचं उघड लिहिलं. यंत्रानं आपलं नुकसान होतं हे मजुराचं म्हणणं निव्वळ गैरसमजातून आलेलं नाही, असं त्यानं मान्य केलं. आमच्या घरामागच्या बाईनं रिकार्डो वाचायचं काही कारण नव्हतं. तिला ते आधीच ठाऊक होतं.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला बदल खळ्यावरचा. आमचं गाव शेवगाव-नेवासा भागातलं, ज्वारीचं. सुगीत खळं सारवायचं, मधोमध तिवडा रोवायचा, मोडलेली कणसं पसरायची आणि मुसक्या बांधलेल्या बैलांची पात दिवसभर फिरवायची. मग वारं बघून उफणणी. वावडीवर उभं राहून पाटीतला माल वरून सोडायचा; भुसकट लांब उडायचं, दाणा पायाशी पडायचा. रास झाली की तिची पूजा, आणि मग मापं. पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन.

रास उचलल्यावर खळ्यात मातीत मिसळलेले दाणे राहायचे. ते मातेरं. गडी-माणसांच्या बायका ते झाडून न्यायच्या, घरी पाखडायच्या, पाण्यात धुऊन माती काढायच्या. रानात काढणीच्या वेळी गळालेली कणसं वेचायची, तो सरवा. सरवा आणि मातेरं मिळून एखाद्या घराची पावसाळ्यापर्यंतची बेगमी व्हायची. मालक मातेऱ्याकडं बघायचा नाही. बघणाऱ्याला लोक हलका म्हणायचे. “मातेऱ्याला हात घालणारा धनी कसला?” असं आमचे आबा म्हणायचे.

मग मळणी यंत्र आलं. आठ दिवसांचं खळं एका दुपारी आवरू लागलं. अवकाळीचा घोर संपला. बैल सुटले, माणसं सुटली. दाणा सरळ ताडपत्रीवर पडू लागला आणि पहिल्याच वर्षी मातेरं उरलं नाही. उत्पादकता म्हणतात ती हीच. तेवढ्याच रानात, कमी माणसांत, कमी वेळात जास्त माल घरात, आणि दाणा वाया नाही. पण ‘वाया’ हा शब्द धन्याच्या ओट्यावर बसून उच्चारलेला आहे. सूप घेऊन बसलेल्या बाईच्या बाजूनं बघितलं तर तो दाणा वाया जात नव्हता, तिच्या घरी जात होता. ती तिची मजुरीच होती. फक्त तिचं नाव मजुरी नव्हतं, म्हणून ती गेली तेव्हा कुणी हिशेब मागितला नाही.

आता इथं कुणी जुन्या खळ्याचे गोडवे गायला लागला तर त्याला थांबवायला पाहिजे. त्या वाट्याला मान नव्हता. कुणी कुठं उभं राहायचं, कुणाच्या ओंजळीत वरून टाकायचं, हे सगळं जातीनं ठरलेलं होतं. वाटा होता, पण तो हक्क म्हणून मागता येत नव्हता. वाकून घ्यावा लागायचा. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर वर्षानुवर्षं लढले ते याचसाठी, की चार पेंढ्यांच्या बदल्यात माणसाला गावानं जन्मभर राबवून घेऊ नये. ती वतनं मुंबई राज्यात कायद्यानं संपली ती १९५८ मध्ये. माझा एक शाळासोबती त्या वस्तीतला. पुढं तो मास्तर झाला. मातेऱ्याचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “माझ्या आईनं मातेरं धुतलंय. ते बंद झालं हे फार बरं झालं. पण त्याच्या जागी तिला काय मिळालं, एवढं मला सांग.”

बंद झालं हे बरं झालं, आणि त्याच्या जागी काय मिळालं? हे दोन्ही एकाच दमात म्हणता आलं पाहिजे. म्हणायला अवघड आहे, म्हणून बहुतेक जण पहिल्या अर्ध्यावर किंवा दुसऱ्या अर्ध्यावर थांबतात.

आपल्या दोन थोर माणसांनी या प्रश्नावर मन घातलं होतं. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं तेव्हा यंत्रांवर कडक टीका केली. पण पुढं १९२४ मध्ये त्यांनी खुलासा केला, की विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे. शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानलं, कारण ते माणसाचे कष्ट हलके करतं. १९२९ मध्ये तर सुधारलेल्या चरख्यासाठी चरखा संघानं एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्यांचा सवाल असा, की काही लोकांचे कष्ट वाचवून हजारो लोकांना रस्त्यावर काढणारी बचत कसली? बाबासाहेबांची बाजू वेगळी. यंत्राशिवाय माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असं ते म्हणत. जो दिवसभर जनावरासारखा राबतो तो शिकणार कधी? यंत्रानं नुकसान होत असेल तर दोष समाजाच्या बांधणीत आहे, कारण यंत्राचा लाभ थोड्या हातांत अडकतो. ती बांधणी बदला, यंत्राला शिव्या देऊ नका.

गावात राहून दोघांचं म्हणणं पारखलं तर बाबासाहेबांचं पारडं मला जड वाटतं. आजीचे मोकळे झालेले हात मी पाहिले आहेत. पण एक अट आहे. बांधणी बदलायची, हा त्यांच्या म्हणण्याचा अर्धा भाग आपण सोडून दिला आणि यंत्र तेवढं घेतलं. मग आपण गांधीजींचंही ऐकलं नाही आणि बाबासाहेबांचंही.

हे सगळं आज उसाच्या फडात उघडं पडलं आहे. जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी आलं आणि आमच्या भागातली ज्वारी मागं हटून ऊस आला. ऊस तोडायला पाथर्डी, आष्टी, पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातली माणसं येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांच्या जोडीला अवजाराचं नाव दिलं आहे, यावरून काय ते समजावं. मुकादमाकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. कोपीत राहायचं, पहाटे अंधारात फडात उतरायचं. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, वर दंड. खाडा परवडत नाही म्हणून बीडकडच्या कितीतरी तरण्या बायकांनी गर्भाशयं काढून टाकली, हे २०१९ मध्ये उजेडात आलं आणि सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. असं काम यंत्र हिरावून नेत असेल तर त्यासाठी रडावं कुणी आणि का?

पण मजुरीचा आकडाही मांडून बघू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. एक कोयता दिवसाकाठी दोन टन तोडतो असं धरलं तर दोघांचे ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. त्यातून उचल फिटायची. तोडणी यंत्र दिवसाला शंभर टनांच्या आसपास ऊस पाडतं. म्हणजे पन्नास कोयत्यांचं, शंभर माणसांचं काम एक चालक आणि हाताशी चार-सहा माणसं करतात. यंत्राची किंमत कोटीच्या पुढं. ते घ्यायला २०२३ च्या योजनेत सरकारनं किमतीच्या ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. यंत्र घेणाऱ्याला सरकारचा हात मिळाला. यंत्रामुळं रिकाम्या होणाऱ्या शंभर माणसांसाठी त्या योजनेत कोणता रकाना होता, तो मला सापडला नाही.

मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या फडात यंत्र चालू होतं आणि अलीकडच्या फडात टोळी. बांधावर एक बाई भाकर खात बसली होती. मी विचारलं, “बाई, मशीन आल्यावर कसं करणार तुम्ही?”

ती म्हणाली, “काका, मशीन आलं तर चांगलंच हाये की. मोळ्या वाहून मान गेली माझी. पर मशीन आमाला उचल देनार का? लेकीचं लगीन उचलीवरच झालं. अन् वाढ्याचं काय?”

वाढे म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. टोळीच्या बाया त्याच्या पेंढ्या बांधून गावातल्या जनावरवाल्यांना विकतात. त्यावर मीठ-मिरची, तेल भागतं. यंत्र शेंडा कापून, बारीक करून पाचटात उधळून देतं. वाढे हे उसाचं मातेरं. चाळीस वर्षांनी मला तेच पुन्हा दिसत होतं. नवं यंत्र, आणि नावाशिवायची मजुरी पुन्हा एकदा न बोलता गेलेली.

उठता उठता ती म्हणाली, “धाकटीच्या हाती कोयता द्यायचा न्हाई, असं ठरवलंय आमी. मंग काय द्यायचं, ते तुमी सांगा. शिकल्याली मान्सं तुमी.”

या प्रश्नाला महाराष्ट्रानं एकदा उत्तर दिलं होतं. १९७२ च्या दुष्काळात रानात काम उरलं नाही तेव्हा सरकारनं रस्ते, नालाबांध, पाझर तलावांची कामं काढली. माणसांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि जगली. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात बसली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. तिच्या पैशासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. मुंबई-पुण्यात यंत्रांच्या आणि कागदांच्या जोरावर जास्त मिळवणाऱ्यानं दुष्काळी गावातल्या रिकाम्या हातासाठी थोडं द्यायचं, ही ती कल्पना. पुढं २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही ठेकेदार नको आणि शक्यतो मजुराला हटवणारं यंत्र नको, असं लिहिलं गेलं. तरी गावोगाव लोकांना माहीत आहे, की कितीदा काम रात्री जेसीबीनं होतं आणि हजेरीपट दिवसा भरतो.

रोजगार हमीनं जीव वाचवले, यात शंका नाही. पण जन्मभर खडी फोडणं हा काही माणसाचा मुक्काम नव्हे. खडी फोडायचं यंत्र असताना हातानं फोडत बसा, असं कुणाच्या लेकराला सांगायचं? आपण आपल्या लेकराला सांगू का? जे काम आपल्या पोरानं करू नये असं वाटतं, ते दुसऱ्याच्या पोरासाठी राखून ठेवणं हा कळवळा नव्हे.

मग दुसरा रस्ता कोणता? तो आमच्याच जिल्ह्यात निघाला होता. १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली. त्यात नवी गोष्ट काय होती? ऊस गाळायची यंत्रं खासगी कारखान्यांत आधीही होती. नवं हे, की यंत्राचा मालक चार-पाच एकरवाला शेतकरी झाला. शेअर घेतला, सभासद झाला, सभेत उभं राहून हिशेब विचारायला लागला. गाळप वाढलं तर त्याला भाव मिळायला लागला. यंत्र तेच, पण त्याच्या नफ्याची वाट बदलली. बाबासाहेब ज्या बांधणीबद्दल बोलत होते तिचा एक छोटा नमुना आमच्या शेतकऱ्यांनी स्वतः करून दाखवला.

फक्त त्या बांधणीत एक दार बंद राहिलं. ज्यानं ऊस लावला तो सभासद झाला. ज्यानं तोडला तो परकाच राहिला. पिढ्यान् पिढ्या एकाच कारखान्याला ऊस पाडणाऱ्या माणसाचं नाव मुकादमाच्या वहीत असतं, सभासदांच्या यादीत नसतं. म्हणून आज तोडणी यंत्र आलं की शेतकरी विचारतो, मला टोळीची वाट बघायला लागेल का? कारखाना विचारतो, गाळप वेळेत होईल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तिसरा प्रश्न विचारणारा सभेत बसलेलाच नसतो.

यंत्र असावं की नसावं, यावर माझं म्हणणं आता एवढंच आहे. यंत्र जो घाम वाचवतं तो कुणाचा होता, आधी बघावं. त्या वाचलेल्या घामाचे पैसे होतात, ते कुणाकडं गेले, बघावं. ज्याचा घाम होता त्याच्याकडं त्यातलं काही गेलं असेल तर यंत्र धर्माचं. नसेल तर ते मातेऱ्याला हात घालणारं यंत्र. अनुदानाचा पैसा टोळीतल्या पाच-दहा कोयत्यांच्या गटाला देऊन यंत्र त्यांच्याच मालकीचं करता येईल. त्यांची पोरं चालक, दुरुस्तीवाली होऊ शकतील. यंत्रानं तोडलेल्या प्रत्येक टनामागं काही रुपये जुन्या तोडकऱ्यांच्या म्हातारपणासाठी बाजूला काढता येतील. हे अवघड आहे, पण १९५० साली शेतकऱ्यानं कारखाना काढणं याहून सोपं नव्हतं.

गेल्या वर्षी मी सभासद आहे त्या कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल वाचला गेला. यंत्रानं किती टन तोडणी झाली, किती दिवस वाचले, सगळं छापलेलं होतं. माझ्या शेजारी बसलेले एक वयस्क सभासद उठले आणि म्हणाले, “यंदा किती कोयते कमी आले, ते लिहिलेलं नाही. ते लोक कुठं गेले?” व्यासपीठावर थोडी कुजबुज झाली. मग, तो विषय मुकादमांचा आहे, असं उत्तर मिळालं आणि सभा पुढं सरकली. जेवणाच्या पंगतीत आम्ही चौघे-पाच जण त्यांच्याजवळ जाऊन बसलो. पुढच्या सभेच्या आत लेखी अर्ज द्यायचा ठरला आहे: अहवालात कोयत्यांचा एक रकाना घाला.